जुन्या फ्रेंच चांदीवरचा कारागिराचा ठसा कसा ओळखावा

फ्रेंच चांदीचा काटा किंवा चमचा हातात आला की बहुतेक जण भिंग लावून थेट अक्षरं शोधायला लागतात. अक्षरं असतात दोन-तीन, तीही अर्धी झिजलेली, आणि तीच आद्याक्षरं असलेले कितीतरी कारागीर एकट्या पॅरिसमध्ये होऊन गेलेले असतात. म्हणून क्रम उलटा ठेवावा. आधी ठशाच्या चौकटीचा आकार पाहावा, मग सरकारी हमीचा ठसा, मग कारागिराच्या चौकटीतलं छोटं चिन्ह, आणि अक्षरं सगळ्यांत शेवटी. या क्रमाने गेलं तर अर्धवट ठशावरूनही नावापर्यंत पोहोचता येतं. अक्षरांपासून सुरुवात केली तर अख्खा ठसाही चकवतो.

तयारी

दहा पट मोठं दाखवणारं चांगलं भिंग, एक छोटी टॉर्च, जुना मऊ टूथब्रश, सुती फडकं, मिलिमीटरची पट्टी आणि ग्रॅमपर्यंत नेमकं वजन दाखवणारा काटा एवढं पुरतं. वीस-तीस पटीची स्वस्त भिंगं घेऊ नयेत. त्यांत दिसणारा भाग इतका लहान असतो की ठसा एका नजरेत मावत नाही.

वस्तू कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विड साबणाचा एक थेंब टाकून धुवावी आणि टिपून घ्यावी. याहून जास्त काही करू नये. रांगोळी, राख, टूथपेस्ट, तांब्या-पितळेची पावडर यांतलं काहीही ठशावर घासलं की चांदीचा थर निघतो आणि त्याबरोबर ठसाही. चांदी चकचकीत करणाऱ्या द्रावणात वस्तू बुडवणंही टाळावं. खाचांत साठलेला काळपटपणा त्यात धुऊन जातो, आणि अक्षरं उठून दिसतात ती त्या काळपटपणामुळेच.

टॉर्च समोरून न धरता जवळजवळ आडवी, पृष्ठभागाला टेकल्यासारखी धरावी. ती स्थिर ठेवून वस्तू हळूहळू फिरवावी. अक्षराची उभी रेघ एका कोनात दिसते, आडवी दुसऱ्या कोनात. चारही बाजूंनी उजेड देऊन मोबाइलवर चार फोटो काढले आणि शेजारी ठेवून पाहिले, तर एका फोटोत न दिसणारं चिन्ह दुसऱ्यात सापडतं. फारच पुसट ठसा असेल तर मऊ प्लॅस्टिसिनवर दाबून त्याची छाप घ्यावी आणि छापेचा फोटो मोबाइलमध्ये आरशासारखा उलटवून वाचावा.

ठसा कुठे असतो हे वस्तूवर ठरतं. काटे-चमच्यांवर तो दांड्याच्या मागच्या बाजूला, निमुळत्या भागाजवळ असतो. चहाच्या किटलीवर बुडाशी, काठाला किंवा मुठीजवळ, आणि झाकणावर वेगळा. ताटावर मागच्या बाजूने कडेला. सुटा होणारा प्रत्येक भाग वेगळा ठसवलेला असावा अशी अपेक्षा असते. किटलीच्या अंगावर एका कारागिराचा आणि झाकणावर दुसऱ्याचा ठसा निघाला, तर झाकण बहुधा नंतर बदललेलं आहे.

पहिली पायरी: चौकटीचा आकार

९ नोव्हेंबर १७९७ चा कायदा (फ्रेंच राज्यक्रांतीच्या पंचांगाप्रमाणे १९ ब्रुमेर, वर्ष सहावं) फ्रेंच चांदीच्या अभ्यासात मैलाचा दगड आहे. या कायद्याने कारागिराच्या ठशाला एकच आकार ठरवून दिला: समभुज, टोकदार, अगदी शंकरपाळीसारखा. त्यात कारागिराची आद्याक्षरं आणि त्याने निवडलेलं एक चिन्ह असावं लागे. शंकरपाळी उभी असते, क्वचित आडवीही सापडते. आकाराने ती दोन-तीन मिलिमीटरची, नाजूक वस्तूंवर त्याहून लहान. एकाच कारागिराकडे लहान-मोठे बरेच ठसे असत, त्यामुळे मापात फरक दिसला म्हणून कारागीर वेगळा ठरत नाही.

याच कायद्याने चांदीचा मुलामा किंवा पत्रा चढवलेल्या मालासाठी चौकोनी ठसा नेमून दिला. हा एक फरक पाठ असला तरी बाजारातल्या निम्म्या चुका टळतात. शंकरपाळी म्हणजे भरीव मौल्यवान धातू, चौकोन म्हणजे मुलामा. क्रिस्तोफ्लच्या मुलाम्याच्या मालावर तराजूचं चिन्ह येतं, एर्क्वीच्या मालावर सेंटॉर, म्हणजे अर्धा माणूस अर्धा घोडा. दोन्ही नावं मोठी आणि माल उत्तम, पण वितळवून चांदी मिळेल असा तो नव्हे.

मुलाम्याच्या मालावर बरेचदा '८४' हा आकडा असतो. त्याला टंच समजण्याची चूक फार होते, कारण रशियन चांदीवर ८४ म्हणजे खरोखरच शुद्धतेचं माप (१००० त ८७५) आहे. फ्रेंच काटे-चमच्यांवर त्याचा अर्थ निराळा: बारा काटे आणि बारा चमचे यांच्यावर मिळून ८४ ग्रॅम चांदी चढवली आहे. म्हणजे नगामागे साडेतीन ग्रॅम.

शंकरपाळी सोन्यावरही असते. शेजारी गरुडाचं डोकं असेल तर ते १८ कॅरेट सोनं. सोन्याचा मुलामा दिलेली चांदी मात्र चांदीच्याच ठशांनी ओळखली जाते, वरून ती कितीही पिवळी दिसो.

चौकट शंकरपाळी नाही, चौकोनही नाही, बाह्यरेषा वेडीवाकडी आणि वर मुकुट, तर वस्तू क्रांतीपूर्वीची असू शकते. तिचं प्रकरण स्वतंत्र आहे, पुढे घेऊ.

दुसरी पायरी: हमीचा ठसा

१७९७ नंतर वस्तू घडली की कारागीर आधी आपला ठसा मारून ती हमी कार्यालयात नेई. तिथे कस लागे: लहान वस्तूंचा कसोटीच्या दगडावर, मोठ्यांचा धातूचा कण काढून भट्टीत. कस उतरला तर सरकारी ठसा, नाही तर वस्तू तोडून परत. हा ठसा काळाप्रमाणे बदलत गेला, म्हणून कारागिराच्या आधी तो वाचायचा:

- कोंबडा, पहिला नमुना: १७९८ ते १८०९
- कोंबडा, दुसरा नमुना: १८०९ ते ऑगस्ट १८१९
- वृद्ध पुरुषाचं डोकं: ऑगस्ट १८१९ ते ९ मे १८३८
- शिरस्त्राण घातलेली मिनर्व्हा देवी: १० मे १८३८ पासून

प्रत्येक काळात दोन दर्जे: पहिला ९५० टंच, म्हणजे हजारात ९५० भाग चांदी, दुसरा ८००. मिनर्व्हाच्या ठशात पहिल्या दर्जाचा '१' कपाळासमोर येतो आणि दुसऱ्याचा '२' हनुवटीखाली. आकडा झिजला असेल तर चौकट पाहावी. पहिल्याची चौकट अष्टकोनी, दुसऱ्याची बाजूंनी कापलेल्या अंडाकृतीसारखी. १९७३ पासून पहिला दर्जा ९२५ वर आला, त्यामुळे मिनर्व्हा दिसली की डोळे मिटून ९५० म्हणू नये.

मिनर्व्हाची अडचण अशी की १८३८ ते १९७३ म्हणजे १३५ वर्षं हा ठसा टंच सांगतो, साल जवळजवळ सांगतच नाही. कोंबडा दहा-अकरा वर्षांत आणून सोडतो, वृद्धाचं डोकं एकोणीस वर्षांत, मिनर्व्हा मात्र राजा लुई फिलिपपासून राष्ट्राध्यक्ष पॉम्पिदूपर्यंत कुठेही. तिथे कालनिश्चितीसाठी शंकरपाळीशिवाय इलाज नाही. मिनर्व्हाच्या वस्तूवर कारागिराचा ठसा वाचायला सर्वांत जास्त वेळ द्यावा तो यासाठी.

मिनर्व्हा मावणार नाही अशा लहान वस्तूंवर रानडुकराचं डोकं किंवा खेकडा असतो. दोन्ही १८३८ चे. डुक्कर पॅरिसचं, खेकडा पॅरिसबाहेरच्या कार्यालयांचा. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसचं डुक्कर बंद झालं. हे दोन्ही ठसे किमान ८०० टंचाची हमी देतात. वस्तू प्रत्यक्षात ९५० ची असू शकते, पण ठशावरून तसा दावा करता येत नाही.

अंडाकृतीतला हंस फसवा आहे. तो १८९३ पासून परदेशी किंवा मूळ न कळणाऱ्या, विशेषतः लिलावात आलेल्या मालावर मारला जाऊ लागला. जर्मन किंवा डच चांदीवर हंस दिसतो आणि विक्रेता ती 'फ्रेंच' म्हणून विकतो. हंसाचा अर्थ एवढाच की वस्तू फ्रान्सच्या हमी कार्यालयातून गेली. हंस आहे आणि शंकरपाळी नाही, तर कारागीर फ्रान्सबाहेर शोधावा.

गोव्यातल्या जुन्या घरांतली चांदी तपासताना आणखी एक सावधगिरी हवी. पोर्तुगालनेही १८८७ ते १९३७ या काळात चांदीवर रानडुकराचं डोकंच मारलं, पुढे १९३८ पासून गरुड. डुक्कर पाहून वस्तू फ्रेंच ठरवू नये. पोर्तुगीज चांदीचे दर्जे ९१६ आणि ८३३ चे असतात, फ्रेंच डुक्कर ८०० चं. ऑस्ट्रियाचा डायनाचा चेहराही (१८६७ ते १९२२) मिनर्व्हा म्हणून खपवला जातो. डायनाच्या केसांत चंद्रकोर असते, मिनर्व्हाच्या डोक्यावर शिरस्त्राण.

१८१९ नंतरच्या वस्तूवर एक पक्की खूण मिळते, ती सहसा कोणी पाहत नाही. हमी कार्यालयात वस्तू ज्या छोट्या ऐरणीवर ठेवून ठसा मारत, त्या ऐरणीवर किड्यांच्या बारीक आकृत्या कोरलेल्या असत. वरून घाव बसला की खालून चांदीवर त्या रेषा उमटत. सरकारी ठशाच्या बरोबर मागे, दुसऱ्या अंगाला भिंगाने पाहा. पाय, पंख, बारीक रेघोट्या दिसल्या तर ठसा खरा असण्याची शक्यता खूप वाढते, कारण ठसा चोरणं सोपं, ती ऐरण चोरणं अवघड. झिजलेल्या किंवा मागून पॉलिश झालेल्या वस्तूवर या रेषा नसूही शकतात, तेव्हा त्या नाहीत एवढ्यावरून वस्तू खोटी ठरवू नये.

तिसरी पायरी: शंकरपाळीच्या आत

फ्रेंच ठशात चौकट खोल दाबलेली असते आणि अक्षरं व चिन्ह त्या खड्ड्यात वर उठलेली असतात. पॉलिशच्या फडक्याने उठलेल्या रेषांच्या कडा आधी बोथट होतात. 'जी'ची आडवी दांडी जाते आणि उरतो 'सी'. 'ई'चा 'एफ' होतो, 'क्यू'चा 'ओ', 'आर'चा 'पी'. चिन्ह अक्षरांपेक्षा भरीव असल्याने जास्त टिकतं. म्हणून कागदावर एक मोठी शंकरपाळी काढावी आणि जे दिसतं तेच तिच्यात भरावं: चिन्ह कुठे आहे (वर, खाली, अक्षरांच्या मध्ये), अक्षरं किती, टिंबं किंवा तारे आहेत का. अंदाजाने वाटणारं अक्षर पेन्सिलने, नक्की दिसणारं पेनने. हा भेद न ठेवता शोधायला बसलं की माणूस स्वतःच्याच अंदाजाला पुरावा मानू लागतो.

चिन्ह इतकं मोलाचं का, हे उदाहरणांवरून कळेल. 'बी' या एका अक्षरावरून कोणी सापडणार नाही. पण 'बी' आणि माकड म्हणजे मार्तां-गियोम बिएने, नेपोलियनला चांदी पुरवणारा कारागीर. त्याच्या दुकानाचं नावच 'जांभळं माकड' होतं. 'जे. बी. सी. ओ.' आणि जुन्या पद्धतीचा तेलाचा दिवा म्हणजे जाँ-बाप्तिस्त-क्लोद ओदिओ. 'ई. पी.' आणि खिशातला चाकू म्हणजे पुइफोरका. 'ई. पी.' आद्याक्षरांची माणसं रगड, चाकू असलेला एकच.

पुइफोरकाचा ठसा आणखी एक गोष्ट शिकवतो. एमिल पुइफोरकाची ही 'ई. पी.' अक्षरं विसाव्या शतकात त्याच घराण्यातल्या जाँ पुइफोरकाच्या (१८९७ ते १९४५) आधुनिक, भौमितिक घाटाच्या वस्तूंवरही दिसतात. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी माणिकबाग महालासाठी जी जाँ पुइफोरकाची चांदी घेतली, ती याच घराण्याची. म्हणजे आद्याक्षरं संस्थापकाची, हात नंतरच्या पिढीचा. अशा घराण्यांच्या मालाला साल लावताना घाट, नक्षी आणि पूर्ण नावाचा शिक्का हे सगळं एकत्र धरावं लागतं.

पूर्ण नावाबद्दल सावध राहावं. चांदीवर मोठ्या अक्षरांत छापलेलं किंवा कोरलेलं नाव पुष्कळदा दुकानदाराचं असतं. पॅरिसच्या नामांकित जवाहिऱ्यांनी काटे-चमचे बाहेरच्या कारखान्यांतून घडवून घेतले आणि वर आपलं नाव टाकलं. घडवणारा कोण, हे शंकरपाळीच सांगते. दोन नावं जुळत नाहीत म्हणून वस्तू संशयास्पद मानू नये. विक्रेत्यांना मात्र मोठं नाव आवडतं, शंकरपाळीबद्दल ते गप्प असतात.

अक्षरांत 'व्ही' सुरुवातीला किंवा 'व्हीई' असं दिसलं तर तो 'वव्ह' म्हणजे विधवा या शब्दाचा संक्षेप असू शकतो. पतीच्या निधनानंतर कारखाना चालवणाऱ्या बाईला ठसा नव्याने नोंदवावा लागे. 'सीआयई' म्हणजे आणि कंपनी, 'एफ'वर बारीक 'आरईएस' म्हणजे बंधू. जुन्या ठशांत 'आय' हे 'जे'च्या जागी आणि 'व्ही' हे 'यू'च्या जागी येतं, म्हणून शोधताना दोन्ही पाहावीत.

आता नोंदवहीकडे वळावं. पॅरिसच्या कारागिरांच्या छापील सूची १७९८ ते १८३८ आणि १८३८ ते १८७५ अशा दोन टप्प्यांत मिळतात, पॅरिसबाहेरच्या गावांच्या वेगळ्या. दुसऱ्या पायरीतून काळ कळलेला असल्याने कुठला खंड उघडायचा ते आधीच ठरलेलं असतं. चिन्हांची अनुक्रमणिका असेल तर शोध तिथून सुरू करावा. नाव सापडलं की दोन तारखा टिपाव्यात: ठसा नोंदवल्याची आणि रद्द झाल्याची. समजा मिनर्व्हाच्या चमच्यावरचा कारागीर १८४७ मध्ये नोंदला गेला आणि १८५६ मध्ये त्याचा ठसा रद्द झाला, तर १३५ वर्षांचा पल्ला नऊ वर्षांवर येतो. तारखा हमीच्या ठशाशी जुळत नसतील, उदाहरणार्थ कोंबडा आहे आणि कारागीर १८२५ चा निघतो, तर वाचनच चुकलं आहे. पुन्हा भिंग लावावं.

डझनाच्या संचात दोन-तीन कारागिरांचे ठसे निघणं नेहमीचंच. घराणी हरवलेले नग नव्याने भरत, तेही त्याच नमुन्यात. यात खोटेपणा काही नाही. किंमत करताना एकसंध संच आणि जमवलेला संच यांत फरक करावा, इतकंच.

क्रांतीपूर्वीची चांदी

इथे चार ठसे शोधायचे. पॅरिसच्या कारागिराच्या ठशात वर मुकुट, खाली कमळासारखं लिलीचं फूल, त्याच्या दोन बाजूंना दोन टिंबं, मग आद्याक्षरं आणि चिन्ह. तोमा जेर्मां आणि त्याचा मुलगा फ्रांस्वा-तोमा यांचं चिन्ह मेंढ्याची लोकर होतं. गावोगावी लिलीच्या जागी त्या गावाचं चिन्ह येई.

ती दोन टिंबं शोभेची नाहीत. पॅरिसची चांदी ११ देनिए १२ ग्रॅं शुद्धतेची असावी लागे. १२ देनिए म्हणजे शुद्ध चांदी आणि एका देनिएचे २४ ग्रॅं, म्हणजे आजच्या हिशेबात ९५८ टंच. त्यात दोन ग्रॅंची सूट होती, तीच ही दोन टिंबं. सूट धरून टंच ९५१ वर येतो. क्रांतीनंतरचा ९५० चा दर्जा याच्याच शेजारचा.

उरलेले तीन ठसे असे. चांदी घडवणाऱ्या कारागिरांच्या संघटनेच्या तपासनीसांचं मुकुटधारी अक्षर, पॅरिसमध्ये दरवर्षी बदलणारं. कर वसूल करणाऱ्या मक्तेदाराचा पहिला ठसा, काम सुरू असताना मारलेला. आणि कर भरल्यावरचा शेवटचा छोटा ठसा. वर्णमाला संपली की वर्षाक्षर पुन्हा पहिल्यापासून सुरू होई, म्हणून एकट्या अक्षरावरून साल ठरत नाही. मक्तेदाराचा मक्ता काही वर्षांचाच असे आणि प्रत्येकाचा ठसा वेगळा, त्यावरून कुठलं आवर्तन ते कळतं. मक्तेदाराच्या पहिल्या ठशात टांकसाळीचं अक्षर येतं: पॅरिसला 'ए', रूआँला 'बी', लिओंला 'डी', बोर्दोला 'के', स्ट्रासबुर्गला दोन 'बी'.

बुडाशी बारीक टोकाने वजन खरडलेलं असेल तर ते मार्क, औंस आणि ग्रो यांत असतं. एक मार्क २४४.७५ ग्रॅम, त्याचे ८ औंस, एका औंसाचे ८ ग्रो. '३ मार्क २ औंस ४ ग्रो' म्हणजे सुमारे ८११ ग्रॅम. आज वस्तू ७९५ भरली तर झीज समजावी. ८६० भरली तर मूठ, पाय किंवा बूड नंतर जोडलं आहे.

१७९१ मध्ये संघटना बरखास्त झाल्या आणि १७९७ पर्यंत ठशांची घडी विस्कटलेलीच राहिली. त्या काळातल्या वस्तूवर नीट ठसे नसणं स्वाभाविक आहे. उलट अठराव्या शतकातल्या वस्तूवर १८१९ किंवा १८३८ चा बारीक सरकारी ठसा (१८३८ च्या फेरतपासणीचा जिराफाच्या डोक्याचा) असेल तर घाबरू नये. ठसे बदलताना व्यापाऱ्यांकडचा जुना माल पुन्हा ठसवून घेतला जाई.

खोटे ठसे

क्रांतीपूर्वीच्या ठशांच्या नकला पूर्वीपासून होत आल्या आहेत, कारण त्या काळची चांदी मुळात थोडी उरली. चौदाव्या लुईने १६८९ आणि १७०९ मध्ये, पंधराव्याने सप्तवार्षिक युद्धात पुष्कळशी वितळवली.

नकलेचे दोन मार्ग. पहिला, खऱ्या वस्तूचा साचा घेऊन ठशासकट ओतलेली वस्तू. अशा ठशाच्या कडा गोलसर असतात, तळाशी बारीक दाणे किंवा छिद्रं दिसतात, आणि संचातल्या प्रत्येक नगावर ठसा अगदी त्याच जागी, त्याच कोनात, त्याच ओरखड्यासह असतो. हाताने मारलेले ठसे असे कधी जुळत नाहीत.

दुसरा मार्ग जुना, कर चुकवण्यासाठी कारागिरांनीच काढलेला: लहान, झिजक्या वस्तूवरचा खऱ्या ठशांचा तुकडा कापून मोठ्या वस्तूच्या बुडाला झाळायचा. बुडावर तोंडाची वाफ सोडावी. वाफ विरताना झाळलेल्या सांध्याची रेघ वेगळ्या रंगाने क्षणभर दिसते, ठशांभोवती गोल किंवा चौकोन उमटतो. मेणबत्तीच्या उजेडापेक्षा दिवसाचा उजेड यासाठी बरा.

ठशांची अवस्थाही तपासावी. मक्तेदाराचा पहिला ठसा घडवणीच्या मधल्या टप्प्यावर बसे, त्यानंतर वस्तूवर हातोडी चालू राही, म्हणून तो थोडा ताणलेला, चेपलेला असायला हवा. शेवटचा ठसा पूर्ण झालेल्या वस्तूवर बसे, म्हणून तो तुलनेने स्वच्छ. चारही ठसे सारखेच तीक्ष्ण, एका ओळीत नीट मांडलेले आणि झीज मात्र फक्त नक्षीवर दिसत असेल, तर वस्तू विकत घेऊ नये.